हुकलेल्या गारा

वटारला खोली मिळवताना मला पगाराची स्लिप दाखवावी लागली नाही की ओळखीचं कुणी आणावं लागलं नाही. घरमालकांनी मला अंगणात उभं केलं, चष्म्यावरून नीट न्याहाळलं आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"जालन्याकडचं," मी म्हटलं.

"तिकडे गारा पडतात?"

"पडतात की. दोन-तीन वर्षांआड ठरलेल्या."

"तुम्ही स्वतः पाहिल्यात, का कुणी सांगितलेल्या?"

"स्वतः पाहिल्यात. खाल्ल्यात पण."

सत्तरी ओलांडलेला तो माणूस खुर्चीतून ताडकन उठला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, चहा टाक! हिने खाल्ल्यात!"

चहा येईपर्यंत माझी तोंडी परीक्षा झाली. गार हातात घेतली की चिकटते का? चव असते का? पडायच्या आधी वास येतो म्हणतात, तो कसला? मी सगळी उत्तरं ठोकून दिली. त्यातली निम्मी खरी होती. गार खाल्ली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि तिच्या चवीपेक्षा आईने पाठीत घातलेला धपाटा जास्त लक्षात राहिला होता. पण परीक्षक खूश झाले. माझ्याआधी दोघांना त्यांनी परत पाठवलं होतं, हे मला मागाहून कळलं. एक रत्नागिरीचा होता, एक अलिबागचा. "समुद्रकाठची माणसं ती, आपल्यासारखीच कोरडी. त्यांनी काय बघितलं असणार?" म्हणे.

मी तिथून जवळच नालासोपाऱ्याला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे. दोन वर्षं त्या घराच्या मागच्या खोलीत राहिले. पुढे अंगण, त्याच्या कडेपासून मागेपर्यंत केळी, पानवेली, नारळ आणि एक म्हातारा आंबा, अशी त्यांची वाडी. मालकांना मी काका म्हणायचे आणि मालकीणबाईंना काकू. दोघं आपापसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, तिच्यातलं मला पहिले सहा महिने ओ की ठो कळत नव्हतं. पण भांडण गारांवरून चाललंय हे मात्र न चुकता कळायचं, कारण मध्येच काकू बोटांनी गारेचं माप दाखवायच्या आणि काका उठून वाडीत निघून जायचे.

प्रकरण असं होतं. दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. फाल्गुन महिना. काका दुपारी सायकल काढून आगाशीला दाढी करायला गेले. न्हाव्याचा एक गाल करून झाला, दुसऱ्याला साबण लागला आणि आभाळ गडगडलं. "चालू दे," काका म्हणाले. आगाशीत चार थेंब पडले. वटारात मात्र गारा पडल्या. जन्मात कधी कुणी पाहिल्या नव्हत्या अशा. अंगण पांढरं झालं. सासू, दीर, शेजारपाजार, सगळा गाव बाहेर येऊन नाचला. नव्या नवरीने नवऱ्यासाठी म्हणून एक गार उचलून मुठीत धरून ठेवली. अर्ध्या तासाने नवरदेव गुळगुळीत दाढी करून परत आले, तेव्हा तिने मूठ उघडली. हात ओला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी काकांना विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, जरा घट्ट धरायचीस."

आतून काकूंचा आवाज आला, "घट्ट धरली म्हणूनच विरघळली. हे ह्यांना अजून कळलेलं नाही."

पुढे पंचेचाळीस वर्षांत त्या गारा पाहिलेली माणसं एकेक करून कमी झाली. सासू गेल्या, दीर गेले, शेजारी वाडी विकून बिल्डिंगीत राहायला गेले. आळीत डोळ्यांनी पाहिलेला एकच साक्षीदार उरला, तोही काकांच्याच स्वयंपाकघरात. आणि ही बाई काही साधी नव्हती. काकांनी आमटीत मीठ कमी म्हटलं, की ही म्हणणार, "तुम्हाला काय कळतंय? गारा तरी पाहिल्यात का कधी?" की काका तीच आमटी ओरपायचे. गारेचा आकारही दर साली वाढत होता. मी राहायला गेले तेव्हा ती सुपारीएवढी होती. वर्षभरात लिंबाएवढी झाली. दुसऱ्या शिमग्याला चिकूवर आली, तेव्हा मी म्हटलं, "काकू, एवढ्याने माणसं मेली असती." त्या म्हणाल्या, "तू होतीस का तिथे?"

महाशिवरात्र झाली की काकांचा हंगाम सुरू व्हायचा. तिथपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत वटारची शीव ओलांडायची नाही. दाढी करायची नाही, अगदी गावातल्या सलूनमध्येसुद्धा नाही. दुपारी झोपायचं नाही. अंगणात खुर्ची टाकून तुंगारच्या डोंगराकडे तोंड करून बसायचं, कारण ढग आला तर तिकडून येणार असा त्यांचा सिद्धांत. पांढरी दाढी छातीकडे निघालेली, मान वर, तोंड अर्धवट उघडं. नवा कुरिअरवाला त्यांना बघून दारातूनच हात जोडून गेला होता.

त्यांच्यावर विसंबून काकूंनी एखादं काम सोपवलं की संपलंच. काकू सुकेळी करायच्या. राजेळी केळी सोलून बांबूच्या कमरेएवढ्या माचावर उन्हात घालायची, रोज दुपारी एकेक उलटायचं, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायचं, सकाळी पुन्हा पसरायचं. अशी सात उन्हं दिली की सुकेळी तयार. आमच्या आळीत आता एकट्या काकूच हा उद्योग करायच्या. कंबर दुखते म्हणायच्या, एक हात कमरेवर आणि एका हाताने केळी उलटायच्या. त्या घटकाभर आत गेल्या की कावळे हाकायचं काम काकांकडे. कावळा माचावर उतरायचा, निवांत निवडून एक सुकेळं उचलायचा आणि उडून जायचा. काका शेजारीच बसलेले असायचे, पण त्यांची नजर ढगात.

"कावळा समोरून घेऊन गेला हो!" काकू ओरडायच्या.

"मी वर बघत होतो," काका म्हणायचे, आणि त्यात काही चुकलं असं त्यांना वाटत नसे.

दिवाणखान्यात भाचीच्या लग्नाचा एक मोठा फोटो होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, फोटोग्राफरने नेमकी चुकीची वेळ साधली. नवरी अंतरपाटाकडे बघतेय, भटजी पोथीत बघताहेत, बाकी सगळे कॅमेऱ्याकडे, आणि नवरीमागे उभा असलेला मामा आकाशाकडे. मग काकूंनी खुलासा केला. लग्न फाल्गुनात ठरलं, उमेळ्याला. मामाने साफ सांगितलं, मी शीव ओलांडणार नाही. बहीण रडली, भांडली, जेवणखाण सोडलं. मामा बधला नाही. मामावाचून बोहल्यावर कोण नेणार? शेवटी त्या माउलीने लग्नच उचलून वटारात आणलं. आणि मुहूर्ताच्या तासभर आधी मामाने मांडव पाहिला आणि पुन्हा अडून बसला. वर कापड आहे, मला आभाळ दिसत नाही. मंगलाष्टकं लांबली आणि तेवढ्यात पडल्या तर?

"मग?"

"मग काय? डेकोरेशनवाल्याला शिडी लावून वर चढवला आणि ह्यांच्या डोक्यावर मांडवाला भोक पाडून घेतलं," काकू म्हणाल्या. "त्या भोकातून दोन तास ऊन आलं. ह्यांना चक्कर आली, आणि मी लिंबूपाणी घेऊन धावत होते."

काकांना मात्र ह्या गोष्टीचं जराही वाईट वाटत नव्हतं. "भाची सुखात आहे ना? मग झालं तर."

माझा त्या घरातला दर्जा भाडेकरूचा कमी आणि तज्ज्ञाचा जास्त होता. पाहुणे आले की काका माझी ओळख करून द्यायचे, "ह्या लॅबमध्ये असतात. गारा खाल्लेल्या आहेत." कामावर निघाले की फाटकाशी अडवून पूर्वेच्या ढगाकडे बोट दाखवायचे. "ह्याच्यात आहे काही?" मला बसची घाई. मी ढगाकडे डॉक्टरसारखं बघायचे आणि सांगायचे, "नाही काका, ह्याच्यात नुसती हवा आहे." तेवढ्याने ते शांत व्हायचे. एकदा गंमत म्हणून म्हटलं, "ह्याच्यात वाटतंय खरं थोडं." संध्याकाळी परत आले तर माणूस त्याच जागी उभा होता. काकूंनी जेवणाचं ताट फाटकाशी नेऊन दिलं होतं. त्यानंतर मी अशी थट्टा केली नाही.

म्हणजे अशी नाही केली, वेगळी केली. पलीकडच्या वाडीत एक कॅथलिक टीचर राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण खोड्या करण्यातून मुळीच नाही. काकांचा वाढदिवस होता. टीचर म्हणाल्या, "आपण त्यांना गारा देऊ या." त्यांच्या फ्रिजमधला बर्फ आम्ही दोन दिवस साठवला आणि दुपारी त्यांच्या गच्चीतून काकांच्या पंपाच्या खोपीवरच्या पत्र्यावर टोपलीभर ओतला. धडाधड धडाधड! काका खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे उलटली. पत्र्यावरून घरंगळून आलेला एक तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. आम्ही गच्चीत तोंडात पदर-ओढणी कोंबून बसलेल्या.

काकांनी तुकडा वळवून वळवून पाहिला. मग आमच्याकडे वर बघून ते शांतपणे म्हणाले, "टीचर, चौकोनी आहे. देवाकडे ट्रे नसतो."

मला वाटलं, रागावले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी हळूच विचारलं, "तो पत्र्यावरचा आवाज. खऱ्याचा असाच येतो का गं?" ते मला अगं-तुगं करायला लागले ते त्या दिवसापासून. मी म्हटलं, "जवळजवळ असाच." मला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं. आमच्या लेखी ती गंमत होती, आणि ह्या माणसाला खरोखरच मरायच्या आधी एकदा गारा बघायच्या होत्या. त्याला दुसरं काही नको होतं. बायकोने पाहिलं ते आपण पाहिलं नाही, एवढी एकच टोचणी.

आणि ही टोचणी उघड बोलायचीही सोय नव्हती. वाडीवाल्यांच्या गावात गार म्हणजे वैरीण. केळीचं पान फाटतं, पानवेल झोडपली जाते, आंब्याची कैरी गळते. अशा गावात राहून गार पडावी म्हणायचं म्हणजे काय? काकांची स्वतःची वाडी होती. तेही जाणून होते. म्हणून ते कधी 'पडू दे' म्हणाले नाहीत. फक्त खुर्ची टाकून बसायचे.

माझ्या दुसऱ्या वर्षी, शिमगा उलटून गेल्यावर, सगळ्यांच्या मोबाईलवर एकच इशारा फिरायला लागला. पालघर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस आणि गारपिटीची शक्यता. शुक्रवार आणि शनिवार. वटारात एकच धावपळ उडाली. कुणी घड उतरवले, कुणी वेलींवर झावळ्या बांधल्या. चर्चमध्ये प्रार्थना झाली. देवळात नारळ फुटले, गारपीट टळू दे म्हणून. काकाही देवळात गेले, कारण न जाणं बरं दिसलं नसतं. सगळ्यांच्या मागे हात जोडून उभे राहिले. येताना मी विचारलं, "काका, तुम्ही काय मागितलंत? खरं सांगा."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. "म्हटलं, वाडीवर नको. कुणाच्याच वाडीवर नको. आमच्या अंगणात पडू दे. तीही एकच."

"एकच?"

"मला एकच बघायचीय. जास्त घेऊन काय करू?"

टीचर चर्चमधून आमच्या मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, सगळा गाव एकीकडे आणि तुम्ही एकटे विरोधी पक्षात."

"मी तटस्थ आहे," काका म्हणाले.

शुक्रवारी ढग आले आणि गेले. शनिवारी तेही आले नाहीत. काकांच्या दृष्टीने ह्यात इशाऱ्याचा काही दोष नव्हता. "शक्यता म्हणजे शक्यता. कुणी शब्द दिला नव्हता." पण शनिवारी ते जेवले नाहीत. काकूंनी चिकूएवढ्या गारेचा विषयही काढला नाही, ह्यावरून काय ते समजा.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. माझी सुट्टी होती. काकूंना त्यांच्या भावाकडे उमेळ्याला हळदीला जायचं होतं. माचावरच्या सुकेळ्यांना सहावं ऊन चाललं होतं. दोन दिवस माचावर टाकलेली ताडपत्री काकूंनी सकाळी काढून घडी घातली, सगळी केळी एकेक करून उलटली आणि कंबर धरून उभ्या राहिल्या. "आजचं आणि उद्याचं, दोनच उन्हं राहिलीत," त्या काकांना म्हणाल्या. "मला यायला संध्याकाळ होईल. कावळे बघा. आणि वर नको, खाली बघा."

"बघतो गं."

"बघताय तुम्ही," असं म्हणून त्या रिक्षात बसल्या.

रिक्षा वळणाआड गेली आणि काकांनी घडी घातलेली ताडपत्री उचलली. मला वाटलं, कुठे ठेवायची असेल. त्यांनी ती अंगणाच्या मधोमध पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

"हे काय काका?"

"मातीत पडली की मळते," ते म्हणाले. "ह्याच्यावर कशी स्वच्छ राहील."

"काका, आज ऊन पडलंय."

"पडू दे की. मी कुठे नको म्हणतोय?"

मी हसत हसत कपडे धुवायला मागे गेले. तीन वाजले असतील. दोरीवर कपडे टाकताना उजेड मळकट झाला. पाहिलं तर तुंगारचा डोंगर दिसेना. मग वारा सुटला, असा की केळीची पानं उलटीपालटी व्हायला लागली आणि आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला. मी पुढच्या अंगणात धावले. काका खुर्चीपाशी उभे होते. चष्मा काढून त्यांनी बनियनला पुसला, पुन्हा घातला.

पंपाच्या पत्र्यावर एकच आवाज झाला. टण्ण. मी जालन्याची. तो आवाज मला कुणी सांगायला नको.

"काका!" मी किंचाळले. "आल्या!"

निळ्या ताडपत्रीवर एक पडली, उडून पुन्हा पडली. मग दुसरी. मग चार-पाच एकदम. काकांच्या पायापासून ताडपत्री चार पावलांवर होती. त्यांनी नुसती मान खाली घातली असती तरी पुरे होतं. पण त्यांनी मागे वळून माचाकडे पाहिलं. कावळे समोरून केळी नेताना ज्याने कधी मान वळवली नाही, तो माणूस नेमका त्या घटकेला का वळला, हे मला आजही सांगता येणार नाही.

"ताडपत्री!" ते ओरडले, आणि माझ्याआधी स्वतःच धावले. पायाने दगड उडवले, दोन कोपरे धरले आणि वरच्या गारांसकट ताडपत्री अशी झटकली की सगळ्या गारा केळीखालच्या चिखलात. खाली बघितलंसुद्धा नाही. मी दुसरी बाजू धरली. माचापर्यंत नेईतो वाऱ्याने ती दोनदा हातातून हिसकावली. कशीबशी केळ्यांवर टाकली, पण ती राहीना. एक कोपरा दाबला की दुसरा उडायचा. तेव्हा काकांनी सरळ माचावर अंग टाकलं. पालथे, हात दोन्हीकडे पसरून, तोंड ताडपत्रीत. बांबू करकरले. मी पलीकडून दोन कोपरे ओढून जमिनीशी बसले.

आणि मग खऱ्या गारा आल्या.

माझी मान अंगणाकडे होती. मला सगळं दिसत होतं. माती दिसेनाशी होत होती. पायरीवर, तुळशीवर, उलट्या बादलीवर उड्या मारत होत्या. मी जीव तोडून ओरडले, "काका, मान वळवा! इकडे बघा! एकदाच बघा!"

"ताडपत्री सुटेल!" ते तोंड न उचलता ओरडले.

"नाही सुटत, मी धरलीय!"

"तू कोपरे धर नीट!"

मग मी दुसरं काय करणार? मला दिसत होतं ते ओरडून सांगायला लागले. "अंगण पांढरं झालं काका!"

"आंब्याखाली?"

"आंब्याखाली पण!"

"मोठ्या आहेत?"

"बोराएवढ्या!"

"लागताहेत खऱ्या," ते म्हणाले, आणि शपथेवर सांगते, तो माणूस हसत होता.

पाच मिनिटांत गारा थांबल्या आणि जो पाऊस कोसळला तो अर्धा तास. वाऱ्यामुळे माच सोडायची सोय नव्हती. आम्ही उठलो तोवर अंगणातून पाण्याचे ओहोळ वाहत होते. काकांनी चष्मा शोधला. मग त्यांनी पायरीच्या कडेला पाहिलं, तुळशीमागे पाहिलं, कपडे धुवायच्या दगडाखाली हात घालून पाहिलं. केळीच्या बुंध्याशी गुडघे टेकून पालापाचोळा उपसला. कुठे काही नव्हतं. केळीच्या पानांच्या मात्र चिंध्या झाल्या होत्या. एक लोंबतं पान हातात धरून ते म्हणाले, "वाडीवर नको म्हटलं होतं मी." मला रडू फुटलं. मी जालन्यात लहानपणी ढीगभर पाहिल्या, आज पुन्हा पाहिल्या, आणि मला त्यांची काडीची गरज नव्हती. देवाला काही हिशेब आहे की नाही?

काकू आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. गालांना हळद, पदर खोचलेला. उमेळ्याला थेंब पडला नव्हता. वटारच्या नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा लोकांनी त्यांना सांगितलं. त्या फाटकातून जवळजवळ पळतच आत आल्या. मला वाटलं, आता विचारतील, माझी सुकेळी कुठायत.

"पाहिल्यात?" त्यांनी काकांना विचारलं.

"सुकेळी वाचली तुझी."

"ते विचारलं नाही मी. पाहिल्यात का?"

काका पुन्हा चष्मा पुसायला लागले. तेव्हा मीच सांगितलं, "काकू, ते माचावर पालथे पडले होते. पूर्ण वेळ."

काकूंनी ताडपत्रीचा कोपरा उचलला. खाली केळी कोरडी होती. मग त्यांनी काकांना खांद्याला धरून वळवलं. बनियनमधून पाठीवरचे लाल डाग दिसत होते. ते डाग पाहिले आणि काकूंचा स्फोट झाला. माझ्यासमोर त्या नेहमी शुद्धात बोलायच्या, त्या दिवशी घरची बोली आणि शुद्ध दोन्ही एकत्र झालं, पण शब्द न् शब्द मला कळला.

"अक्कल आहे का तुम्हाला? केळी काय, पुन्हा आणली असती, पुन्हा घातली असती मी! गारा पुन्हा घालता येतात का मला? पंचेचाळीस वर्षं डोकं खाल्लंत माझं, आणि दारात आल्या तेव्हा केळ्यांवर झोपलात?"

"सहा दिवस तू वाकत होतीस," काका म्हणाले. "कंबर धरून. मी बघत होतो."

"तुम्ही कधी बघत होतात? तुम्ही तर वर बघत होतात!"

"मध्ये मध्ये खाली पण बघायचो."

काकू पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. हळदीवरून पाणी ओघळत होतं. काका त्यांच्याजवळ जाऊन अवघडून उभे राहिले. "आणि मला नवीन काय दिसणार होतं?" ते म्हणाले. "तू सांगितलंयस सगळं. मला तोंडपाठ आहे."

तिथे तिसऱ्याचं काही काम नव्हतं. मी दोरीवरचे भिजलेले कपडे गोळा करायला निघाले. वळून पाहिलं तेव्हा काकू उठल्या होत्या. सात उन्हं झाल्याशिवाय त्या माचावरच्या सुकेळ्याला कुणाला हात लावू देत नसत. देवाच्या नैवेद्यालासुद्धा नाही. मला एकदा त्यांनी हातावर चापट मारली होती. त्यांनी ताडपत्रीखाली हात घातला, चाचपून एक जाडसर सुकेळं काढलं आणि काकांच्या हातावर ठेवलं.

काकांनी एक घास खाल्ला. सावकाश चावला.

"एक ऊन कमी आहे गं," ते म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तसंच खा."